रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’ नव्हे



इथे आपण नेहमी मधुमेह, रक्तदाब, दमा अशा आजारांविषयी बोलतो. आज मात्र मी माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर कशाला लिहायचं? तर त्या कॉम्प्युटरवर मी स्वतः एक छोटा प्रोग्राम बनवला होता आणि त्यातल्या एका लहानशा चौकटीमुळे माझ्या एका पेशंटला त्रास झाला. चूक सर्वस्वी माझी होती. ती कशी झाली हे तुम्हाला कळलं, तर पुढच्या वेळी तुम्ही कोणत्याही डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ते तुमच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

कार्डांचे खोके

पारनेरमध्ये प्रॅक्टिस सुरू केली तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक पेशंटचं एक जाड कागदाचं कार्ड असायचं. नाव, गाव, वय, पुढच्या बाजूला तपासणी आणि औषधं. जागा संपली की मागच्या बाजूला. कान्हूर पठार, निघोज, वडझिरे, टाकळी ढोकेश्वर, जवळा अशा गावांचे वेगवेगळे खोके. आपल्याकडे एकेका गावात निम्मं गाव एकाच आडनावाचं. त्यात नावही तेच आणि वडिलांचं नावही तेच, असे दोन-तीन जण निघायचे. शिवाय मुंबईला कामाला असलेली मंडळी यात्रेला किंवा सुट्टीला गावी आली की दोन-तीन वर्षांनी दवाखान्यात यायची. त्यांचं कार्ड शोधता शोधता आमच्या कंपाउंडरांचा जीव मेटाकुटीला यायचा. कार्ड सापडलं नाही की नवं बनायचं, आणि जुनं कुठल्या तरी खोक्यात तसंच पडून राहायचं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली होती. ती तेव्हा इंजिनीअरिंगला होती. माझी कुरकुर ऐकून म्हणाली, “बाबा, एवढ्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. तुम्हाला एक खिडकी आणि चार चौकटी लागतील. तुमचं तुम्हीच करा, मी दाखवते.”

चार ओळींची खिडकी

तिने मला दाखवली ती पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यासोबत येणारी टी-के-इंटर नावाची लायब्ररी. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या, आपण फक्त वापरायच्या अशा प्रोग्रामच्या भागांचा संच. स्वयंपाकाला बसण्याआधी मसाला तयार मिळावा, तसं. टीसीएल ही छोटी भाषा जॉन ऑस्टरहौट या प्राध्यापकांनी १९८८ च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात तयार केली. पुढे काही वर्षांत त्यांनीच तिच्यासाठी टी-के हा खिडक्या, बटणं, चौकटी काढणारा संच बनवला. स्टीन लुम्होल्ट आणि पायथनचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी तो पायथनला जोडला. विंडोजवर पायथन टाकलं की तो सोबतच येतो. पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागत नाही आणि दहा वर्षांचा जुना कॉम्प्युटरही पुरतो.

पहिली खिडकी चार ओळींत उघडली. पहिल्या ओळीत लायब्ररी मागवायची, दुसरीत खिडकी बनवायची, तिसरीत तिच्यावर ‘नमस्कार’ अशी पाटी लावायची आणि चौथीत खिडकीला सांगायचं की आता वाट बघत बस. पन्नाशीला आलेल्या माणसाने स्वतः लिहिलेल्या चार ओळींतून पडद्यावर खिडकी उघडताना पाहिली, की काय वाटतं हे मी सांगत बसत नाही. त्या रात्री मी बायकोला दोनदा उठवून ती दाखवली.

ही ‘वाट बघत बस’ ओळ मला फार आवडली, कारण ती ओपीडीसारखी आहे. मी सकाळी खुर्चीत बसतो आणि वाट बघतो. कुणी ताप घेऊन येतं, कुणी रिपोर्ट दाखवायला, कुणी नुसतं सर्टिफिकेट मागायला. जे येईल त्याप्रमाणे मी वागतो आणि पुन्हा वाट बघतो. खिडकीचंही तसंच. बटण दाबलं की त्या बटणाला नेमून दिलेलं काम करायचं आणि परत वाट बघायची. मी आत एखाद्याची जखम शिवत बसलो तर बाहेरची रांग खोळंबते. खिडकीलाही एखादं लांबलचक काम दिलं की ती गोठते, काही दाबलं तरी दाद देत नाही. बँकेत ‘सिस्टीम हँग झाली’ म्हणतात, तेव्हा कधी कधी कारण एवढंच असतं.

माहिती साठवायला मी एसक्यूलाइट वापरलं. सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते, त्यामुळे रोज रात्री ती पेनड्राइव्हवर उतरवून घेणं सोपं. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते केलं, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवातही त्याच टीसीएल भाषेची पुरवणी म्हणून झाली होती.

वेलांटी पुढची मागे

माझा हट्ट होता की खिडकीवरचं सगळं मराठीत हवं. पेशंटला पडदा दिसतो, त्याला वाचता आला पाहिजे. सुरुवातीला मी जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू ही मोफत प्रणाली टाकली होती. तिथे टी-केच्या खिडकीत ‘पित्त’ लिहिलं की ‘पि’ची ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ‘त्त’ची दोन वेगळी अक्षरं होऊन मध्ये पाय मोडलेला दिसायचा.

कारण असं. आपण ‘पि’ लिहितो तेव्हा कॉम्प्युटरच्या स्मरणात आधी ‘प’ आणि मग वेलांटी अशाच क्रमाने साठवलं जातं. पडद्यावर दाखवताना वेलांटी उचलून डावीकडे आणायची आणि जोडाक्षर घडवायचं, हे काम कुणीतरी करावं लागतं. इंग्रजीत ते लागत नाही, म्हणून बनवणाऱ्यांच्या ते डोक्यातही येत नाही. विंडोजमध्ये हे काम विंडोज स्वतः करतं. तोच प्रोग्राम विंडोजच्या कॉम्प्युटरवर नेला आणि ‘पित्त’ नीट उमटलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, आता चुकायचं काही उरलं नाही. वेलांटीची चूक डोळ्यांना दिसत होती, म्हणून सापडली. खरी चूक दिसणारी नव्हती.

टिकची चौकट

माझ्या खिडकीत नाव, गाव, वय, आजार, चालू औषधं अशा रकान्यांच्या खाली एक बारीक चौकोन होता. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, ‘औषधाची ॲलर्जी’. असेल तर टिक करायची. सेव्ह केल्यावर पेशंटचं पान उघडलं की सर्वांत वर ठळक अक्षरांत दिसायचं: टिक असेल तर ‘ॲलर्जी: आहे’, टिक नसेल तर ‘ॲलर्जी: नाही’. मला ते फार नीटनेटकं वाटायचं.

जुन्या कार्डांवरची माहिती आमच्या कंपाउंडरांनी रोज दुपारी बसून भरली. पावसाळाभर हे काम चाललं. नाव, वय, आजार, औषधं.

त्यानंतर वर्षभराने एक मावशी आल्या. साठीच्या आसपास वय, बरीच वर्षं माझ्याकडेच येणाऱ्या. लघवीला जळजळ, थोडा ताप. तपासलं, लघवीचा रिपोर्ट बघितला, पडद्यावर नजर टाकली. ‘ॲलर्जी: नाही’. मी कोट्रायमॉक्साझोल हे औषध लिहिलं. हे सल्फा गटातलं जुनं, स्वस्त आणि अनेकांना उपयोगी पडणारं प्रतिजैविक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दार उघडण्याआधीच पायरीवर बसलेल्या होत्या. खालचा ओठ सुजलेला, त्यावर जांभळट काळा डाग, सालं निघालेली. मांडीवर रुपयापेक्षा मोठा, काळपट लाल, आग होणारा चट्टा. म्हणाल्या, “डॉक्टर, मागं झालं होतं ना, तसंच परत झालं बघा. त्याच जागी.”

‘त्याच जागी’ हे शब्द ऐकले आणि मला निदान कळलं. काही औषधांची अशी एक ॲलर्जी असते की ते औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत, शरीरावर ठरलेल्या त्याच ठिकाणी चट्टा उठतो. तो बरा होतो, पण काळा डाग महिनोन् महिने राहतो. पुन्हा औषध घेतलं की पुन्हा तिथेच, आणि दर वेळी नवी एखादी जागा वाढू शकते. सल्फाची औषधं आणि काही वेदनाशामक गोळ्या ही त्याची नेहमीची कारणं. औषध ताबडतोब बंद केलं, योग्य ते उपचार दिले, दोन दिवस लक्ष ठेवलं. डोळे आणि तोंडाच्या आतल्या बाजूला काही पसरलं नाही. आठ-दहा दिवसांत ओठ बरा झाला. डाग मात्र राहिला.

दुपारी मी खोक्यातून त्यांचं जुनं कार्ड शोधून काढलं. पुढच्या बाजूला काहीच नव्हतं. कार्ड उलटलं. मागे माझ्याच अक्षरात, लाल शाईने, अधोरेखित करून लिहिलेलं होतं: ‘सल्फा देऊ नये. चट्टे.’

कंपाउंडरांना विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणाले, “सर, मागं बघायचं तुम्ही सांगितलं नव्हतं.” खरंच सांगितलं नव्हतं. त्यांनी टिक केली नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. आणि ‘माहीत नाही’ याचं माझ्या प्रोग्रामने ‘नाही’ करून टाकलं. ते करणारी ओळ मीच लिहिलेली होती.

मी मावशींना विचारलं, “मी गोळ्या लिहिताना तुम्ही का नाही बोललात?” त्या म्हणाल्या, “तुमच्या कॉम्प्युटरात असंलच की! मला वाटलं, तुम्ही बघूनच दिलं.”

यावर मी बराच विचार केला. कार्ड होतं तेव्हा मी प्रत्येकाला तोंडाने विचारायचो, “कुठल्या गोळीचा त्रास होतो का?” कारण कार्डावर सगळं सापडेल याची मला खात्री नसायची. पडद्यावर ठळक उत्तर दिसायला लागल्यापासून मी विचारणं सोडलं होतं. मावशी बोलायच्या थांबल्या होत्या. मी पडद्यावर विश्वास ठेवला, त्यांनी माझ्यावर, आणि पडद्याला तर कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

मग काय बदललं

त्या रात्री मी पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या पेशंटच्या पानांवरचं ‘नाही’ पुसून तिथे ‘विचारलेलं नाही’ असं लिहिलं. ते वाचायला लाजिरवाणं होतं, पण खरं होतं. टिकच्या जागी तीन गोल आले: ‘आहे’, ‘विचारलं, नाही’ आणि ‘विचारलेलं नाही’. टी-केच्या टिकच्या चौकटीला ‘अजून ठरलेलं नाही’ अशी तिसरी अवस्थाही देता येते. सोय होतीच, मला तिची गरज कळली नव्हती. ‘आहे’ निवडलं तर औषधाचं नाव आणि काय झालं होतं, हे लिहिल्याशिवाय ‘जतन करा’ हे बटण फिकट राहतं, दाबलं जात नाही. मग कंपाउंडरांनी आणि मी पुन्हा सगळे खोके काढले आणि प्रत्येक कार्ड उलटून पाहिलं. आणखी काही लाल शाईच्या ओळी सापडल्या.

तुम्हाला वाटेल, सगळेच रकाने सक्तीचे का केले नाहीत? त्याचं उत्तर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधार कार्डावर सापडेल. आपल्याकडे कितीतरी आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो. सगळे काही एकाच दिवशी जन्मलेले नाहीत. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नव्हती, रकाना भरायलाच हवा होता, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिलं. ज्याला उत्तर माहीत नाही त्याच्याकडून सक्तीने उत्तर घेतलं की ते बनावट मिळतं. म्हणून ‘माहीत नाही’ लिहायला जागा हवी, कागदावरही आणि पडद्यावरही.

घाबरून मी आणखी एक गोष्ट केली होती, ती महिन्याभरात काढून टाकावी लागली. औषध लिहिताना दर वेळी मध्ये एक सूचना उघडायची: ‘ॲलर्जी तपासली का?’ खाली ‘ठीक आहे’ बटण. पहिले दोन दिवस मी वाचली. तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप बटणावर जायला लागलं. डास हाकलावा तशी मी ती सूचना हाकलायचो.

या सवयीचा धोका जगाने फार मोठ्या किमतीने पाहिला आहे. कर्करोगावर किरणांचे उपचार देणारं थेरॅक-२५ नावाचं एक यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त किरणं दिली. त्यातले काही दगावले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. पण पडद्यावर दिसायचं ते फक्त ‘बिघाड ५४’ एवढंच. असे संदेश यंत्र वरचेवर दाखवायचं, त्यामुळे चालवणाऱ्यांना एक कळ दाबून पुढे जायची सवय लागली होती. त्या संदेशाचा अर्थ त्यांना कुणी नीट सांगितलेलाच नव्हता. माझ्या दवाखान्यातली चूक त्यापुढे फार लहान, पण जातकुळी तीच: पडद्यावर जे दिसतं त्याचा अर्थ बनवणाऱ्याच्या डोक्यात एक आणि वापरणाऱ्याच्या डोक्यात दुसरा.

आता माझ्या खिडकीत सूचना उघडत नाही. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्या पानावर वर जाड पिवळा पट्टा असतो आणि त्यावर औषधाचं नाव. बाकीच्यांच्या पानावर तो नसतो, म्हणून दिसला की नजर थांबते. आणि पडदा मी फिरवून ठेवला आहे, अर्धा माझ्याकडे, अर्धा पेशंटकडे.

तुम्ही काय कराल

१. गप्प राहू नका. डॉक्टर ओळखीचे असोत, दवाखाना कितीही मोठा असो, कॉम्प्युटर कितीही नवा असो. औषध लिहिताना स्वतःहून सांगा: “मला अमुक गोळीने त्रास झाला होता.” त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. मेडिकलमधून परस्पर गोळी घेतानाही हे सांगा.

२. नाव लिहून ठेवा. ‘पांढरी लांबट गोळी’ यावरून आम्हाला काही कळत नाही. त्रास झाला की गोळीचं पाकीट फेकू नका, त्याचा फोटो काढा. त्यावर कंपनीने दिलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते महत्त्वाचं. तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने पुन्हा मिळू शकतं.

३. चार गोष्टी टिपा. कोणतं औषध, कशासाठी घेतलं होतं, घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला आणि नेमकं काय झालं. एका चिठ्ठीवर लिहा, ती आधार कार्डासोबत ठेवा. घरातल्या एकाला तरी हे ठाऊक असू द्या.

४. त्रास आणि ॲलर्जी यांत फरक आहे. गोळीने पोटात जळजळ, मळमळ, थोडे पातळ जुलाब होणं हा बहुतेक वेळा औषधाचा दुष्परिणाम असतो. अंगावर पित्त उठणं, चट्टे, ओठ किंवा डोळे सुजणं, धाप लागणं ही ॲलर्जीची लक्षणं. फरक आम्ही ठरवू, तुम्ही दोन्ही सांगा. उगाच ‘ॲलर्जी’चा शिक्का बसला तर गरजेचं औषध कायमचं हातचं जातं.

५. या लक्षणांना थांबू नका. औषध घेतल्यावर धाप लागली, घशाला आवळल्यासारखं झालं, चक्कर येऊन अंग गार पडलं. किंवा तापासोबत तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड आले, कातडी सोलायला लागली. तर पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच मोठ्या दवाखान्यात जा. १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

६. विचारा, “लिहिलंत का?” आणि शक्य असेल तर पडद्यावर काय लिहिलं ते बघा. आता अनेक ठिकाणी तुमचा आभा क्रमांक काढतात, नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातात. चांगलंच आहे. पण चुकीची नोंदही तितक्याच सहज प्रवास करते. तुमची नोंद तुमच्याइतकी कुणालाच तपासता येत नाही.

तुमच्या घरी कॉलेजात शिकणारं कुणी असेल आणि असा छोटा प्रोग्राम करायचा त्याला नाद असेल, तर त्याला जरूर करू द्या. दुकानाची उधारी, दूध संघाचा हिशेब, बचत गटाची वही, काहीही चालेल. आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कॉम्प्युटरचे धडे मराठीतही आहेत. फक्त त्याला एवढं सांगा, की रकाना रिकामा राहिला तर तुझी खिडकी काय समजते, हे आधी मला दाखव.

त्या मावशी अजून माझ्याकडेच येतात. ओठावरचा डाग आता फिकट झाला आहे. मागच्या वेळी सर्दीसाठी आल्या होत्या. मी लिहायला पेन उचलला तसं त्या खुर्चीतून पुढे वाकल्या, पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “पिवळा पट्टा दिसतोय ना डॉक्टर?”

दिसत होता. तरीही मी त्यांना तोंडाने विचारलं, “मावशी, कुठल्या गोळीचा त्रास होतो का?”